शुगर एकाची, ताट सगळ्या घराचं

रिपोर्ट हातात पडतो त्या रात्री बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो आणि ज्याची शुगर वाढली आहे त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू होतो. बाकीच्यांना पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात. त्याला भाकरी, उकडलेली भाजी आणि बिनसाखरेचा चहा. असं फार तर महिनाभर चालतं. दोन-दोन भाज्या करणारी बाई दमते, वेगळं खाणाऱ्याला घरातल्या घरात पंक्तीबाहेर बसल्यासारखं वाटू लागतं, आणि एखादा सण आला की सगळं पूर्ववत होतं. मग मनाचा निग्रह नाही म्हणून बोल लावला जातो. पण मुळात ती व्यवस्थाच टिकण्यासारखी नव्हती.

टाइप टू डायबेटिस वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. त्यामुळे घराला रोज झेपेल तेवढाच बदल करावा, पण तो सगळ्यांच्या ताटात करावा. स्वयंपाक एकच, वाढण्याची मापं बदललेली. हे कसं जमवायचं आणि कुठे चुकतं, ते पाहू.

रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर जास्त कशी?

या प्रश्नावरून पुष्कळ घरांत भांडणं होतात. फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर, १६० आली की घरचे म्हणतात, "रात्री उठून काहीतरी खाल्लं असणार." बऱ्याचदा तसं काही झालेलं नसतं.

रक्तातली साखर फक्त जेवणातून येत नाही. आपण झोपलेले असताना मेंदूला साखर पुरवत राहण्याचं काम यकृत करतं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत असतं, तेव्हा ते जास्त साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन यकृताला वेळीच आवरतं. टाइप टूमध्ये यकृत आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. ती कसर भरून काढायला स्वादुपिंड सुरुवातीला जास्त इन्सुलिन तयार करतं, पण हळूहळू तेही थकतं. म्हणून जेवणानंतरची साखर स्नायूंत मुरत नाही आणि पहाटे यकृताचा नळ चालूच राहतो. सकाळचा आकडा वाढलेला दिसला तर आधी रात्रीचं जेवण किती वाजता झालं, झोप कशी लागली, गोळीचा डोस पुरेसा आहे का, हे बघावं. चोरून खाल्ल्याचा आरोप सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो करूच नये.

"पण आमच्याकडे कोणीच जाड नाही," हेही नेहमी ऐकू येतं. याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे प्रा. जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी आपल्याकडच्या माणसाची होती. म्हणून भारतीयांसाठी वजनकाट्याइतकीच पोटाला गुंडाळायची टेप महत्त्वाची. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

निदानाचे आकडे थोडक्यात: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ही रक्ततपासणी ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे डायबेटिस. फास्टिंग १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. त्रास काहीच नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीए१सी गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी जवळपास १२० दिवस जगतात. एक खाच लक्षात ठेवा. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्याकडे ॲनिमिया असलेल्या स्त्रिया पुष्कळ, त्यामुळे त्यांच्या एचबीए१सीच्या शेजारी हिमोग्लोबिनही वाचावं.

ताटाचा हिशेब

साखर वाढवतात ती कर्बोदकं, आणि ती गोडात जितकी असतात तितकीच पोळी-भातातही असतात. हिशेब पाठ करायला सोपा आहे. ३० ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, ४० च्या आसपास. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही ४० च.

भाकरीचा आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. भाकरीत चोथा थोडा जास्त असतो आणि ती पोटाला आधार देते, म्हणून ती चांगलीच. पण "भाकरीला शुगर नसते" असं समजून थाळीभर रुंद, शंभर-शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तर ते सहा-सात फुलके खाल्ल्यासारखं होतं. घरात काटा असेल तर एकदाच पिठाचा गोळा मोजून पाहा. नंतर हाताला अंदाज येतो.

आता नेहमीचं रात्रीचं जेवण घ्या: तीन फुलके, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, पातळ वरण. बेरीज सव्वाशे ग्रॅमच्या घरात जाते. शहरात बैठं काम करणाऱ्या बहुतेकांना एका जेवणात ४५ ते ६० ग्रॅम पुरतात. म्हणून दोन फुलके घेतले तर भात नाही, किंवा एक फुलका आणि अर्धी वाटी भात. वरण चमचा उभा राहील इतकं घट्ट, किंवा मटकी-मूग-चवळीची उसळ वाटीभर. शिजलेली फळभाजी किंवा पालेभाजी मोठी वाटी: दोडका, पडवळ, दुधी, भेंडी, मेथी, चाकवत, माठ. काकडी-टोमॅटो-गाजराची कोशिंबीर, वर दाण्याचं कूट. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने व्यापलेला दिसला पाहिजे. बटाटा, रताळं, साबुदाणा, मका यांना भाजीत धरू नका; त्यांची मोजणी पोळी-भाताबरोबर.

आपल्या शाकाहारी घरांत कमी पडतात ती प्रथिनं. ३० ग्रॅम डाळीच्या वरणात सात ग्रॅमच प्रथिनं मिळतात, आणि पातळ वरणात तेवढी डाळही नसते. पिठलं, झुणका, दही, पनीर, अंडं, मोड आलेली कडधान्यं यांतलं काहीतरी दोन्ही वेळा ताटात हवं. भात कमी केला आणि त्याची जागा कशानेच भरली नाही, तर साडेदहाला भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. पथ्य मोडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

वाढण्याचा क्रमही बदलता येतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. आपल्या पंगतीची सुरुवात वरणभाताने, म्हणजे सगळ्यात लवकर पचणाऱ्या कर्बोदकाने होते. ती उलटवा. आधी डावीकडची कोशिंबीर, मग भाजी नि उसळ, मग पोळी, आणि भात असलाच तर शेवटी. त्याच पदार्थांनी, त्याच मापात, जेवणानंतरची साखर कमी उसळते, कारण चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पिष्ट सावकाश उतरतं. लहान मुलांनाही हा क्रम लागला तर उत्तमच.

काही गैरसमज चटकन बाजूला करू. गूळ आणि मध शुगरला साखरेइतकेच वाढवतात. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतो. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार चहा म्हणजे रोज जवळपास ४० ग्रॅम साखर. ती दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर जीभ कुरकुर करत नाही. मावळातला इंद्रायणी तांदूळ घरात आणायचा नाही असं नाही, अर्ध्या वाटीवर थांबायचं. फळ अख्खं चावून खावं, रस काढून नको. पेरू, पपई, जांभूळ, संत्रं रोज चालतं. मध्यम हापूसच्या गरात २०-२२ ग्रॅम कर्बोदकं असतात. तो आंबा दुपारी एका फुलक्याच्या बदल्यात खाता येतो. वाटीभर आमरस आणि वर चार पुऱ्या हे मात्र गणितात बसवता येत नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात दोन लिटर महिनाअखेरपर्यंत पुरायला हवं.

हिंजवडीहून साडेनऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाचं जेवण दहाला होतं आणि अकराला झोप. अशांनी संध्याकाळी सहा-सातला ऑफिसातच मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक किंवा उकडलेलं अंडं खावं. मग घरी आल्यावर भाजी-उसळ आणि एकच फुलका पुरतो. एरवी वाटेत वडापाव होतो, वर घरचं पूर्ण जेवणही होतं, आणि सकाळची फास्टिंग त्याचा हिशेब दाखवते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. पायाचे मोठे स्नायू हलते असतात तेव्हा ते फारशा इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून नेमक्या याच वेळच्या चालण्याला मोल आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाला. आठवड्याला एकूण १५० मिनिटांचं भरभर चालणं आणि दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणं, भिंतीला टेकून दंड, जिने. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको.

आई शेवटी जेवते तेव्हा

वडिलांची शुगर निघाली की घर त्यांच्याभोवती फिरतं. आईची निघाली तर ती स्वतःच स्वतःचं पथ्य सांभाळेल असं धरलं जातं. इथे फार मोठी चूक होते, आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त खुपते.

नेहमीचा प्रसंग असा. त्या बाईंना ग्लिमेपिराइडची गोळी आहे, जेवणाआधी घ्यायची. साडेबाराला गोळी घेतली, तेवढ्यात पाहुणे आले. सगळ्यांना गरम पोळ्या वाढता वाढता पावणेदोन वाजले. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहिली आणि पोटात काहीच नाही. घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. दुसऱ्या दिवशी त्या गोळीच बंद करतात, कारण "ती मला सोसत नाही." गोळीचा दोष नव्हता, वेळेचा होता. यावर उपाय एकच: पान मांडून, त्यावर बसून, पहिल्या घासाआधी गोळी. आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पोळ्या लाटायच्या किंवा सगळ्यांनी एकदमच बसून गार पोळी खायची.

शेवटी जेवणारीच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं: कालचा भात, तळाची बटाट्याची भाजी, मुलाने टाकलेली पोळी. भाजी, कोशिंबीर आणि उसळ तोवर संपलेली असते. म्हणून तिचं ताट आधी वाढून झाकून ठेवा. तिच्या चालण्याच्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार हे ठरवून घ्या. ते ठरलं नाही तर चालणं होत नाही.

पहारा आणि सोबत

शुगर असलेल्या माणसाच्या ताटावर चार डोळे लागले की तो ताटावरून उठून बाहेर खातो. मंगल कार्यालयात पाहुण्यांसमोर "अहो, जिलबी कशाला घेताय?" म्हटलं की तेवढी जिलबी सुटते, पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये दोन चहा आणि क्रीमरोल होतो आणि घरी कळत नाही. लपवाछपवी सुरू झाली की डॉक्टरांना खरी माहिती मिळत नाही. मग ते गोळी वाढवतात.

एकदा शांतपणे विचारून घ्या: "कशाची आठवण केलेली चालेल आणि कशाची नको?" पुष्कळ जण सांगतात की गोळीची आठवण करा, ताटाबद्दल बोलू नका. ते पाळा. आकड्याला 'चांगला' किंवा 'वाईट' म्हणू नका, 'जास्त' किंवा 'कमी' म्हणा. नाहीतर माणूस मोजणंच टाळतो. आग्रह करणाऱ्या मावशी-काकूंना थोपवणं हे शुगर असलेल्याचं काम नाही, बरोबरच्याचं आहे. "त्यांचं झालं, मला वाढा," असं जोडीदाराने म्हणावं. आणि दिवाळीचा फराळ ठरवून खाल्ला तर चालतो: एक करंजी किंवा दोन चकल्या, जेवणाचा भाग म्हणून, एका पोळीच्या जागी. पंधरा दिवस येता-जाता डब्यात हात घातला तर नुकसान जास्त.

घरी शुगर मोजताना हात साबणाने धुवून कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटातून घेतलेला थेंब शंभरभर आकडा वाढवून दाखवू शकतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथे दुखणं कमी. पट्ट्यांची बाटली लगेच बंद करा, पावसाळी हवेत त्या खराब होतात. उपयोगाची माहिती मिळते ती जोडीने मोजल्यावर: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. दोन्हींतला फरक ५०-६० पेक्षा जास्त आला तर त्या जेवणातलं काय बदलायचं ते दिसतं. यंत्रात पंधरा टक्क्यांपर्यंत मागे-पुढे होतंच, तेव्हा १४० आणि १५२ वरून वाद नकोत. बहुतेक प्रौढांना जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्कर आणि अशक्त माणसांना डॉक्टर मुद्दाम ढील देतात, कारण त्यांना शुगर उतरण्याचा धोका मोठा. लॅबमध्ये जेवणानंतरची तपासणी असेल त्या दिवशी नेहमीचंच जेवा आणि नेहमीची गोळी घ्या. त्या एका दिवशी कमी खाल्लं तर रिपोर्ट छान येतो आणि उपचार चुकतात.

शुगर उतरली तर

हे घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा, आलं पाहिजे. ७० च्या खाली म्हणजे उतरली, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक ही लक्षणं. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी यांतलं काहीच होत नाही; नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं किंवा गप्प बसून राहणं दिसतं. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर होऊ शकतं.

अर्धा पेला पाण्यात चहाचे तीन चमचे साखर ढवळून प्यायला द्या, साधारण १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट असं काही खायला द्या. चॉकलेट, पेढा, लाडू नको. त्यांतल्या स्निग्धामुळे साखर चढायला उशीर होतो. एक महत्त्वाचा अपवाद: गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर आतड्यात फुटूच देत नाही. अशांना ग्लुकोज पावडरच लागते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत असणं नेहमीचं आहे. आजच गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा आणि त्यांत हे नाव असेल तर ग्लुकोजचा डबा आणून ठेवा.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. वयस्कर माणसाला त्या रात्री एकटं झोपू देऊ नका, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

पुण्यात अर्धं शहर दुचाकीवर असतं. गाडीवर असताना गरगरलं तर कडेला घ्या, किल्ली काढा, साखर घ्या, आणि आकडा सरळ झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका. डोकं ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो. सकाळी उपाशीपोटी तळजाई किंवा वेताळ टेकडी चढणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ती चढण्याआधी नको, उतरून नाश्त्याबरोबर.

संकष्टी, एकादशी, वारी

संकष्टीचा उपास शुगरच्या दृष्टीने सगळ्यात अवघड. दिवसभर उपास, दुपारी साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदय नऊच्या आसपास आणि मग मोदक. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, चोथा आणि प्रथिनं जवळपास शून्य. म्हणजे दुपारी शुगर चढते, आणि सकाळची गोळी तशीच घेतलेली असेल तर संध्याकाळी घसरते. उपास सोडा असं सांगून कोणी ऐकत नाही, आणि श्रद्धेच्या गोष्टीत तसं सांगूही नये. ताट बदलावं: राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही, लाल भोपळ्याचं भरीत. भगर चालते, पण भाताच्याच मापाने. गोळ्यांच्या वेळा आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना निर्जळी उपास करू नये: या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, आणि उपासमारीत शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालय. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला तर उपास तिथेच सोडायचा, हे घरात आधीच बोलून ठेवा.

पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्यांनी पायांची काळजी करावी, शुगरची त्यानंतर. शुगरने पायांची संवेदना कमी होते; खडा रुतला, फोड आला, तरी कळत नाही. महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट, पांढरे सुती मोजे (रक्त लगेच दिसतं), आणि प्रत्येक मुक्कामाला तळवे बघणं. अनवाणी नको. एरवीही तळवा रोज रात्री बघावा, वाकता येत नसेल तर जोडीदाराने बघावा. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून चाला. पाय धुण्याचं पाणी कोपराने तपासा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, आणि कुरूप ब्लेडने कापू नका. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर त्या बऱ्या करा, जंतू तिथूनच आत शिरतात.

इन्सुलिन घरात आलं तर

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, ही भीती अनाठायी आहे. स्वादुपिंड थकलं की बाहेरून भरपाई करतात, इतकंच. पण एका चुकीपासून जपा. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलीलीटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपीची आणि १०० साठी केशरी टोपीची. १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर दहाऐवजी २५ युनिट जातात. उलट केलं तर चारच. दुकानातून आणणारा आणि टोचणारा वेगळा असतो तेव्हा ही गल्लत होते, म्हणून बाटली आणि सिरिंजवरचा आकडा दोघांनीही वाचावा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरच्या लगत नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरात असलेली चार आठवडे ३० अंशांखाली बाहेर चालते, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमानच त्यावर जातं, तेव्हा तीही फ्रिजच्या दारात. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात. गाडीच्या डिकीत कधीच नको. दुधाळ दिसणारं इन्सुलिन हलक्या हाताने दहा-वीस वेळा फिरवून घ्या. मूळचं पाण्यासारखं असलेलं गढूळ झालं तर टाकून द्या. टोचायची जागा रोज दोन बोटं सरकवा, एकाच जागी गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत भरा, वर 'सुया' लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई त्यांच्या बोटात जाते.

वर्षाच्या तपासण्या फ्रिजवर लिहून ठेवा: डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, पायांची संवेदना, कोलेस्टेरॉल, दात-हिरड्या. एचबीए१सी स्थिर होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग सहा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ ही बघा. गोळ्यांचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधी घटकाच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. ताप-उलट्या चालू असतील त्या दिवसांत इन्सुलिन मनाने थांबवू नका, आणि मेटफॉर्मिन किंवा उपासाच्या भागात सांगितलेल्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या का हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

आता घरातली मुलं. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप टू असेल तर मुलांना आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात, दोघांनाही असेल तर ७० च्या आसपास. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने फास्टिंग किंवा एचबीए१सी करून घ्यावी. पोट सुटलेलं असेल तर त्याआधीच. मुलीला गरोदरपणात शुगर झाली असेल तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत पुन्हा तपासणी हवीच, आणि नेमकी तीच बाळाच्या धावपळीत राहून जाते. तारीख आजीने लक्षात ठेवावी. रिपोर्ट उंबरठ्यावरचा आला तर वेळ हातात आहे: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय ठेवलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या मुलासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. टेप खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या बरोबर मध्ये लावा, श्वास सोडल्यावर मोजा, आणि आकडा तारखेसकट त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहा.